म्युरेनला पहिल्यांदा जाताना

कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतातलं म्युरेन हे गाव १,६३८ मीटरवर आहे. महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक जिथे संपतं, जवळपास त्याच उंचीवर इथे लाकडी घरं, हॉटेलं, एक किराणा दुकान आणि चार-साडेचारशे माणसांची वस्ती आहे. गावाच्या एका बाजूला कडा सुटतो तो थेट आठशे मीटर खाली लाउटरब्रुनेनच्या दरीत. दरीपलीकडे आयगर (३,९६७ मीटर), म्योंख आणि युंगफ्राउ (४,१५८ मीटर) ओळीने उभे.

माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावी लागते, म्युरेनला खाली दरीतच. पर्यटकांच्या गाड्यांसाठी वर रस्ताच नाही. केबलकार आणि छोटी रेल्वे हाच मार्ग. शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि हॉटेलांच्या छोट्या बॅटरीगाड्या तेवढ्या गल्लीतून फिरतात.

हा लेख इथे राहायला जाणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडचे बहुतेक लोक खालच्या इंटरलाकेन शहरात उतरतात, एका दिवसात युंगफ्राउयोख ही रेल्वेने जायची बर्फाळ खिंड करतात आणि वेळ उरला तर म्युरेनला चार तास डोकावतात. ते चार तास नेमके अकरा ते तीन, म्हणजे गावात सर्वाधिक गर्दीचे. दिवसापुरते आलेले लोक संध्याकाळी खाली उतरले की गल्लीत फक्त पाण्याच्या हौदाचा आणि गाईंच्या घंटांचा आवाज उरतो. शांतता हवी असेल तर मुक्काम करावाच लागतो, तोही किमान तीन रात्रींचा. एक दिवस ढगात जातो, हे गृहीत धरा.

कधी जायचं

डोंगरातल्या पायवाटा सर्वसाधारणपणे जूनच्या मध्यापासून चालण्याजोग्या होतात, उंचावरच्या वाटांवर जुलैपर्यंत बर्फाचे पट्टे राहतात. रानफुलांचा बहर जूनअखेर ते जुलै. सप्टेंबरमध्ये हवा स्वच्छ असते, दुपारची वादळं कमी होतात आणि गर्दी ओसरते. पहिल्यांदा जाणाऱ्याने विचारलं तर माझं उत्तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा.

टाळायचे काळ दोन. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरचा मध्य, आणि हिवाळी हंगाम संपल्यापासून मे अखेरपर्यंत. या दिवसांत बरीच हॉटेलं आणि उपाहारगृहं बंद असतात. केबलकारची वार्षिक दुरुस्तीही याच काळात काढतात, तीही मार्गामार्गाने वेगवेगळ्या आठवड्यांत. मे महिन्याच्या शाळेच्या सुट्टीत जाणाऱ्या आपल्या कुटुंबांची इथेच फसगत होते. खोली स्वस्त मिळते, पण वर आल्यावर फ्युनिक्युलर (तीव्र चढावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) बंद, जेवायला एक-दोनच ठिकाणं आणि वाटांवर चिखलमिश्रित बर्फ. सुट्टी मे महिन्यातच असेल तर शेवटचा आठवडा धरा आणि खोली ठरवण्याआधी केबलकार कंपन्यांच्या संकेतस्थळांवर दुरुस्तीच्या तारखा बघा.

हिवाळा डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. स्की येत नसलं तरी चालतं. बर्फ दाबून तयार केलेल्या चालण्याच्या वाटा असतात, त्यांच्या पाट्या गुलाबी रंगाच्या. लाकडी घसरगाड्या भाड्याने मिळतात. जानेवारीत इन्फर्नो ही स्कीची शर्यत होते, १९२८ पासूनची, आणि त्या आठवड्यात गावात खोली मिळणं कठीण.

व्हिसा आणि विमा

स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेन या सामायिक व्हिसाच्या देशगटात आहे. त्यामुळे शेंगेन व्हिसा चालतो. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सर्वांत जास्त रात्री मुक्काम आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो पोचलेला असावा, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटलाच वेळ लागतो. तीन महिने आधी हालचाल सुरू करा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी, ही अट आहे.

व्हिसासाठी ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. इथे एक गोष्ट बारकाईने वाचा. स्वस्त पॉलिसींमध्ये डोंगरातली सुटका, हेलिकॉप्टर, स्की हे अनेकदा वगळलेलं असतं. म्युरेनच्या वाटेवर पाय मोडला तर स्ट्रेचर घेऊन येणारी गाडी नसते, हेलिकॉप्टरच येतं. पॉलिसीत 'साहसी खेळ' या शब्दाखाली साधं डोंगरात चालणंही घातलेलं नाही ना, हे एजंटकडून लेखी विचारून घ्या.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो नोंदवण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला त्यामुळे वेळ जास्त लागतो. फ्रँकफर्ट किंवा इतर शेंगेन शहरातून पुढचं विमान पकडणार असाल तर ही रांग तिथेच लागेल, मधला वेळ त्या हिशेबाने ठेवा.

कुठला पास घ्यायचा

स्विस ट्रॅव्हल पास हा नुसता नावाने विकला जातो आणि अनेकदा चुकीचा घेतला जातो. तो रेल्वे, बस, बोटी आणि म्युरेनपर्यंतच्या दोन्ही केबलकार मार्गांना पूर्ण चालतो. म्युरेनच्या वर शिल्टहॉर्न या शिखराला आणि आलमेंडहुबेल या टेकडीला निम्मं भाडं पडतं. रोज नवं शहर करणाऱ्याला तो परवडतो. पण तुम्ही तीन-चार दिवस एका गावात राहून पायी फिरणार असाल तर त्या दिवसांचे पैसे वाया जातात.

अशा मुक्कामाला हाफ फेअर कार्ड बरं. परदेशी प्रवाशांसाठीच्या कार्डाची किंमत २०२५ मध्ये १५० फ्रँक होती, मुदत एक महिना, आणि जवळजवळ सगळ्या तिकिटांवर निम्मी सूट. लांबच्या प्रवासाच्या दिवसासाठी सेव्हर डे पास सहा महिने आधीपासून मिळतो, जितका लवकर घ्याल तितका स्वस्त. हाफ फेअर कार्ड असलं तर तो आणखी उतरतो. सहा वर्षांखालची मुलं फुकट. सहा ते सोळाच्या आतल्या मुलांसाठी स्विस फॅमिली कार्ड मागा, स्विस ट्रॅव्हल पास किंवा हाफ फेअर कार्डासोबत ते विनामूल्य मिळतं आणि आई-वडिलांबरोबर मुलांचा प्रवास फुकट होतो. हे मागावं लागतं, आपोआप जोडून येईलच असं नाही.

हिशेब करायची रीत सोपी. रेल्वेच्या एसबीबी ॲपमध्ये तुमचे सगळे प्रवास एकेक करून टाका, पूर्ण भाड्याची बेरीज करा, तिची निम्मी करा, त्यात कार्डाची किंमत मिळवा. हा आकडा पासच्या किमतीपेक्षा कमी आला तर कार्ड घ्या.

सामानात काय, काय नको

उन्हाळ्यातही थंडीचे कपडे लागतात. उंची दर हजार मीटरला सुमारे सहा-साडेसहा अंश तापमान खाली आणते. लाउटरब्रुनेनला २० अंश असेल तेव्हा म्युरेनला १४-१५ आणि शिल्टहॉर्नला सहा-सात. एका जाड जॅकेटपेक्षा तीन पातळ थर आणि वर वारा-पाऊस अडवणारं कवच घ्या. चालताना घाम येतो, थांबल्यावर तोच घाम गार पडतो, म्हणून अंगालगतचा थर सुती नको. बूट घोटा धरणारे, तळ खाचांचा, आणि घरून निघण्याआधी निदान पंधरा दिवस वापरलेले. नव्या कोऱ्या बुटांनी पहिल्याच उतारावर फोड येतात.

प्लगची गोष्ट छोटी आहे, पण पहिल्याच रात्री अडवते. स्विस सॉकेट षटकोनी खड्ड्यासारखं असतं, त्यात तीन भोकं, मधलं किंचित खाली सरकलेलं. आपला तीन जाड पायांचा प्लग त्यात जात नाही. फोन चार्जरचा दोन बारीक गोल पायांचा युरोपीय चपटा प्लग बसतो. पण जर्मनी-फ्रान्ससाठी म्हणून विकला जाणारा जाड गोल डोक्याचा ॲडॉप्टर बसत नाही, कारण त्याचं डोकं त्या खड्ड्यात मावत नाही. दुकानात 'युरोप' नको, 'स्वित्झर्लंड' असं सांगून घ्या. वीज २३० व्होल्ट, म्हणजे तिची चिंता नाही.

सिमकार्ड किंवा ई-सिम घेताना पॅकमध्ये स्वित्झर्लंडचं नाव स्वतंत्र लिहिलंय का पाहा. युरोपियन युनियनपुरतं मर्यादित पॅक सीमा ओलांडल्यावर बंद पडतं किंवा भरमसाट बिल लावतं.

आता खाऊ. भारतातून स्वित्झर्लंडमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. तूप, पनीर, पेढे, खव्याची मिठाई सगळं त्यात आलं. ताजी फळं, भाज्या, पानंही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, म्हणजे कढीपत्ता, हिरव्या मिरच्या आणि हापूसची पेटी घरीच ठेवा. केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन हे अपवाद आहेत. कोरडे मसाले, भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, मुरमुरे यांना सहसा अडचण येत नाही. पुड्या बंद आणि नाव लिहिलेल्या असाव्यात.

झुरिक विमानतळ ते म्युरेन

मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. विमानतळाच्या तळघरातच रेल्वे स्थानक. तिकीट काढताना शेवटचं ठिकाण 'म्युरेन बीएलएम' (गावाच्या उत्तर टोकाचं रेल्वे स्थानक) टाका, म्हणजे वरच्या डोंगरी रेल्वेपर्यंतचं एकच तिकीट मिळतं. ई-तिकीट गाडी सुटण्याआधी काढलेलं हवं. गाडीत बसल्यावर काढलेल्या तिकिटाला तिकीट तपासनीस दंड लावू शकतो. डब्यावर मोठा १ किंवा २ आकडा असतो, तो वर्ग. दोनचं तिकीट घेऊन एकच्या डब्यात सामान ठेवून बसलेली कुटुंबं रोज उठवली जातात.

पहिला टप्पा झुरिक विमानतळ ते इंटरलाकेन ओस्ट, बर्नमार्गे, साधारण सव्वादोन तास. काही गाड्या थेट, काहींना बर्नला बदल. इंटरलाकेनला दोन स्थानकं आहेत. बर्नहून येताना आधी वेस्ट लागतं, तिथे उतरू नका. ओस्ट शेवटचं. ओस्ट स्थानकासमोर मोठं कोऑप दुकान आहे, दूध, दही, भाज्या, तांदूळ, पाव इथेच भरून घ्या. वरच्या दुकानात माल मोजका असतो.

दुसरा टप्पा इंटरलाकेन ओस्ट ते लाउटरब्रुनेन, वीस मिनिटं, दर अर्ध्या तासाने गाडी. या गाडीचे दोन भाग असतात. त्स्वायल्युचिनेन स्थानकावर गाडी तुटते, एक भाग लाउटरब्रुनेनला आणि दुसरा ग्रिंडेलवाल्डला जातो. फलाटावर कुठल्या अक्षराच्या पट्ट्यात कुठला भाग लागणार ते फलकावर येतं, आणि डब्याच्या बाजूलाही गावाचं नाव असतं. चढताना ते वाचायचं. चुकलात तर त्स्वायल्युचिनेनला उतरून दुसऱ्या भागात पळता येतं, पण चार बॅगा आणि दोन मुलं घेऊन ते होत नाही.

तिसरा टप्पा लाउटरब्रुनेन (७९६ मीटर) ते म्युरेन. इथे मार्ग दोन, आणि कुठला घ्यायचा हे तुमच्या हॉटेलवर ठरतं, कारण म्युरेनला वाहतुकीची दोन टोकं आहेत. गावाच्या उत्तर टोकाला रेल्वे स्थानक, दक्षिण टोकाला केबलकारचं. मधलं अंतर पायी दहा-पंधरा मिनिटं, तेही बॅगांशिवाय. खोली ठरली की नकाशावर ती कुठल्या टोकाजवळ आहे ते आधी बघा.

उत्तरेकडच्यांनी लाउटरब्रुनेन स्थानकासमोरूनच केबलकार घ्यावी. चार मिनिटांत ग्र्युचआल्प (१,४८६ मीटर), तिथे बाजूलाच उभ्या छोट्या रेल्वेत बसायचं आणि चौदा मिनिटांत विंटरएगमार्गे म्युरेन. जाताना डाव्या बाजूला बसा, सगळे डोंगर डावीकडे आहेत.

दक्षिणेकडच्यांनी लाउटरब्रुनेनहून १४१ क्रमांकाची पिवळी पोस्टबस पकडून श्टेखेलबेर्गच्या केबलकार स्थानकावर जावं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथून थेट म्युरेनची नवी केबलकार सुरू झाली, १५९ टक्क्यांहून अधिक चढाची, जगातली सर्वांत तीव्र चढाची. चारेक मिनिटांत वर. वारा जोराचा असेल तेव्हा केबलकार थांबू शकतात, विशेषतः फ्योन नावाचा दक्षिणेचा कोरडा वारा सुटतो तेव्हा. एक मार्ग बंद असेल तर दुसरा चालू आहे का विचारा.

भाड्याची गाडी असेल तर ती लाउटरब्रुनेनच्या स्थानकालगतच्या बहुमजली वाहनतळात किंवा श्टेखेलबेर्गच्या उघड्या वाहनतळात ठेवायची. महामार्गासाठी ४० फ्रँकचं वार्षिक व्हिन्येट (टोलचा परवाना) लागतं, भाड्याच्या स्विस गाडीवर ते सहसा असतंच. खरं तर या प्रवासाला गाडी लागत नाही, उलट वाहनतळाचं भाडं वाढतं.

पोचण्याची वेळ हॉटेलला आदल्या दिवशी ईमेलने कळवा. बरीच हॉटेलं बॅगा न्यायला स्थानकावर बॅटरीगाडी पाठवतात, पण सांगितलं तरच. छोट्या हॉटेलांचं स्वागतकक्ष रात्री बंद होतं. उशीर होणार असेल तर किल्ली कुठे ठेवणार ते विचारून ठेवा.

पहिल्या दिवशी

खोली घेताना पर्यटन कर लागतो आणि त्याबदल्यात पाहुण्यांचं कार्ड मिळतं. त्यावर काय काय सवलत आहे ते काउंटरवरच विचारा, तिथले लोक नीट समजावून सांगतात. दुकानात किंवा वाटेत समोरचा माणूस 'ग्र्युएसेख' म्हणेल, हा बर्न प्रांतातला नमस्कार. उत्तरादाखल तोच शब्द म्हणायचा. आभार मानायला 'मर्सी' चालतं.

गावात पाण्याचे हौद आहेत, कोरलेल्या लाकडी किंवा दगडी पन्हाळीचे, तोटी सतत वाहती. 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी नसेल तर ते पाणी पिण्याचं. बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. नळाचं पाणीही तसंच.

वरचं कोऑप दुकान गावातलं मुख्य किराणा दुकान. संध्याकाळी लवकर बंद होतं, रविवारची वेळ हंगामाप्रमाणे बदलते. शनिवारी पोचणाऱ्यांनी दारावरची पाटी वाचून दोन दिवसांचं सामान घ्यावं.

पहिल्या दिवशी चढाची वाट नको. विमानाचा शीण, साडेतीन तासांचा वेळेचा फरक (हिवाळ्यात साडेचार) आणि उंची मिळून दम लागतो. गावातून रेल्वेच्या कडेने विंटरएगपर्यंतची जवळजवळ सपाट वाट पुरे.

जेवण

उपाहारगृहांची स्वयंपाकघरं दुपारी साडेअकरा ते दीड-दोन आणि संध्याकाळी सहा ते नऊच्या आसपासच चालू असतात. मधल्या वेळेत कॉफी आणि केक मिळतो. रात्री साडेनऊला जेवायची सवय असेल तर इथे उपाशी झोपावं लागेल.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण विचारावं लागतं. रोष्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचा परतलेला जाडसर थर, आपल्या बटाट्याच्या किसाच्या जवळचा. मात्र त्यात अनेक ठिकाणी श्पेक, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, बारीक कापून घातलेलं असतं. एल्पलरमाग्रोनेन म्हणजे मॅकरोनी, बटाटे, चीज, वर परतलेला कांदा आणि बाजूला सफरचंदाचा गर. त्यातही श्पेक असू शकतं. 'ओने श्पेक' (श्पेकशिवाय) आणि 'ओने फ्लाइश' (मांसाशिवाय) हे दोन शब्दप्रयोग पाठ करा. भाजीचं सूप म्हटलं तरी त्याचा रस्सा बीफचा असण्याची शक्यता असते, विचारा. फोंड्यूमध्ये, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, पांढरी वाइन आणि बहुधा किर्श हे मद्य असतं. पारंपरिक स्विस चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, हे कडक शाकाहारींनी लक्षात ठेवावं. दुकानातल्या पाकिटावर पिवळ्या-हिरव्या रंगाचं व्ही अक्षराचं चिन्ह असेल तर ते तपासलेलं शाकाहारी.

टीप बिलात धरलेली असते. सेवा आवडली तर रक्कम पुढच्या पूर्ण आकड्याला नेतात, तेवढं पुरे.

हॉटेलच्या खोलीत इंडक्शन लावून खिचडी करू नका. धूर ओळखणारी यंत्रं वाजतात, पडदे-गाद्यांना फोडणीचा वास धरतो, आणि याच कारणाने काही ठिकाणी भारतीय पाहुण्यांकडे आधीच संशयाने बघतात. स्वयंपाक करायचाच असेल तर स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. तिथेही दोन गोष्टी लक्षात ठेवा. या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. मूग किंवा मसूर घ्या आणि आधी भिजवा. कुकर नेणार असाल तर स्टीलचा न्या, कारण शेगडी बहुधा इंडक्शनची असते आणि ॲल्युमिनियम त्यावर तापत नाही. फोडणी करताना खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. कचरा कर भरलेल्या ठरावीक पिशवीतच टाकायचा असतो, पिशव्या घरमालकाकडे किंवा दुकानात मिळतात.

कुठली वाट, कुठल्या वेळी

समोरचे डोंगर पूर्वेला आणि आग्नेयेला आहेत. सकाळी सूर्य त्यांच्या मागून येतो, म्हणून सकाळचे फोटो काळपट येतात. दुपारनंतर उजेड भिंतींवर समोरून पडतो आणि सूर्यास्ताला बर्फ आधी पिवळा, मग गुलाबी होतो. ती पंधरा-वीस मिनिटं जेवणाच्या टेबलावर घालवू नका. सकाळ चालायला, संध्याकाळ बघायला.

सर्वांत सोपी वाट म्युरेन ते ग्र्युचआल्प, रेल्वेच्या कडेने, सुमारे साडेचार किलोमीटर, सव्वा तास, मध्ये विंटरएगला खाण्याची सोय. आजी-आजोबांसह जाता येते. दमलात तर विंटरएगहून रेल्वेने परत.

गिमेलवाल्डची वाट उताराची आहे. म्युरेनच्या दक्षिण टोकाहून पक्क्या रस्त्याने पाऊण तासात सुमारे २७५ मीटर खाली. हे शेतकऱ्यांचं गाव (१,३६३ मीटर) म्युरेनपेक्षाही लहान आणि शांत. घरांच्या भिंतींना लागून जळाऊ लाकूड एकसारखं रचलेलं, दारात चीज किंवा हस्तकलेच्या वस्तू आणि पैशांची पेटी. पैसे बरोबर मोजून टाका, सुटी नाणी ठेवा. श्टेखेलबेर्ग-म्युरेन ही नवी थेट केबलकार गिमेलवाल्डला थांबत नाही. त्या गावाच्या फेऱ्या वेगळ्या, तेव्हा निघण्याआधी परतीची वेळ पाहून ठेवा.

नॉर्थफेस ट्रेल ही म्युरेनची खरी वाट. १९१२ सालच्या फ्युनिक्युलरने चार मिनिटांत आलमेंडहुबेलला (१,९०७ मीटर) जायचं. लहान मुलं असतील तर तिथलं खेळाचं मैदान आणि फुलांची छोटी फेरी एवढ्यातच सकाळ जाते. पुढे शिल्टआल्प आणि श्पिलबोडेनआल्पमार्गे गावात उतरायला अडीच तास. वाटेत समोरच्या उत्तर भिंतींवरच्या चढाईंची माहिती देणारे फलक आहेत. गुडघे दुखत असतील तर काठी घ्या, शेवटचा उतार चांगलाच तीव्र आहे.

चौकाचौकात पिवळ्या पाट्यांचा खांब असतो. वर जागेचं नाव आणि उंची, खाली बाणाच्या आकाराच्या पाट्या आणि वेळ. ही वेळ सलग चालीची असते, विश्रांती आणि फोटो त्यात नाहीत. डोंगरात चालायची सवय नसेल तर दीडपट धरा. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर डोंगरवाट, चांगले बूट आणि सावध पाऊल हवं. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला तर परत फिरा, ती दोर आणि अनुभव असलेल्यांची वाट.

कुरणातून वाट जाते तिथे विजेच्या कुंपणाची तार आडवी येते. तिला प्लास्टिकची मूठ असलेला आकडा असतो. फक्त मूठ धरायची, आकडा सोडवायचा, सगळ्यांनी पलीकडे जायचं, तार जमिनीला न टेकवता परत अडकवायची. ती उघडी राहिली तर गुरं कड्याकडे जातात, म्हणून मागून कुणी येतंय असं वाटलं तरी तुम्ही लावूनच पुढे व्हा. वासरू सोबत असलेल्या गाईपासून भरपूर अंतर ठेवा. आपल्याकडच्या गाईसारखं कपाळ खाजवायला जाऊ नका, वासराच्या रक्षणासाठी ती अंगावर येते.

शिल्टहॉर्न

तिकीट आगाऊ घेऊ नका. त्या सकाळी कॅमेऱ्याचं थेट दृश्य बघा, बहुतेक हॉटेलांत ते टीव्हीवर चालू असतं. गावात ढग असले तरी वर ऊन असू शकतं, आणि उलटही. माथा मोकळा दिसला तर पहिल्या-दुसऱ्या फेरीने निघा, दहानंतर गर्दी वाढते आणि दुपारी ढग चढतात. बिर्गला (२,६७७ मीटर) बदल, तिथे कड्याला लागून २०० मीटरची थ्रिल वॉक ही लोखंडी वाट आहे. जाळीच्या जमिनीतून खालची दरी दिसते, चक्कर येणाऱ्यांनी बाहेरच्या गच्चीवरच थांबावं. माथा २,९७० मीटर. तिथे जिन्याने धावू नका. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. डोकं दुखायला लागलं तर उपाय एकच, खाली येणं.

अडचण आली तर

सगळीकडे चालणारा क्रमांक ११२. रुग्णवाहिका १४४, पोलीस ११७, आणि रेगा या हवाई सुटका संस्थेचा १४१४. तिचं ॲप फोनमध्ये घालून ठेवा, ते तुमची जागा आपोआप कळवतं. हेलिकॉप्टर दिसलं आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात वर तिरपे उंचवा, इंग्रजी वाय अक्षरासारखे. मदत नको असेल तर एक हात वर, एक खाली. हौसेने दोन्ही हात हलवू नका, वैमानिक त्याचा अर्थ 'उतरा' असा घेतो.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांची वादळं होतात. सकाळी आठला निघा, दोनच्या आत परत या. मेटिओस्विस या सरकारी ॲपवर इशारे मिळतात. गडगडाट ऐकू आला की डोंगराची धार, एकटं झाड आणि लोखंडी कठडे सोडा.

रात्री दहा ते सकाळी सात शांततेची वेळ. लाकडी घरांत वरच्या मजल्यावरची पावलं खाली स्पष्ट ऐकू येतात, गॅलरीतला फोनवरचा संवाद अर्ध्या गल्लीला. गटाने जाणाऱ्यांनी हे आपसांत आधीच ठरवून घ्यावं. या गावाकडे विकायला शांतता हीच मुख्य गोष्ट आहे. स्वतःची झोप हलकी असेल तर मात्र खोली ठरवताना विचारा, शेजारी कुरण आहे का. उन्हाळ्यात गाईंच्या घंटा रात्रभर वाजतात.

निघताना

म्युरेनहून झुरिक विमानतळाला दारापासून दारापर्यंत चार तास धरा, वर विमानाआधीचे तीन. दुपारी दोनच्या आधीचं विमान असेल तर शेवटची रात्र झुरिकला काढा. वाऱ्याने केबलकार थांबली तर एका सकाळी सगळं कोलमडतं. बॅगा न्यायची वेळ आदल्या रात्रीच हॉटेलला सांगा. भाड्याच्या घरात भांडी धुऊन, कचरा बांधून, चादरी काढून ठेवायच्या असतात, नाहीतर सफाईचे जादा पैसे लागतात. काचेच्या बाटल्या जमा करण्याच्या पेटीत रविवारी टाकायच्या नसतात, तेव्हा सोमवारी पहाटे निघणार असाल तर त्या शनिवारीच टाकून या.